तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बाटलीसाठी दार का अडवलं

"सर, एवढ्याशा बाटलीसाठी तुम्ही दिवसभर दार उघडू दिलं नाहीत?"

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा हे विचारतो. नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात विचारतो. भौतिकशास्त्राचे आमचे मित्र दर पावसाळ्यात न चुकता विचारतात, आणि 'एवढ्याशा'वर जोर देऊन विचारतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी जिलबी गार होणार नाही.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकरांना मी काय सांगायची? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनच्या बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. आमचं कॉलेज नदीपासून लांब नाही. दोन पायऱ्या उतरून तळमजला, तिथं रसायनशास्त्राचं स्टोअर, त्याला लागून वनस्पतिशास्त्राची खोली, दोन्हींना मिळून एकच चॅनल गेट. स्टोअरच्या सगळ्यात खालच्या रॅकवर सोडियमची बाटली, आत अंदाजे २०० ग्रॅम माल. इतकं कळलं की पुरे.

'खालच्या रॅकवर का ठेवली' हेही विचारता, तर ते आधी निकालात काढतो. धोक्याची बाटली डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवायची नसते. वरून निसटली तर काढणाऱ्याच्या तोंडावरच येते. प्रयोगशाळेचा हा साधा शिरस्ता आहे आणि तो बरोबर आहे. स्टोअरमध्ये कमरेइतकं पाणी शिरेल हे कोणाच्या गावी होतं?

आता सोडियमबद्दल. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून तुमचं जे मत झालंय ते अर्धं खरं आहे. वर्गात मी दाखवतो ते असं. रॉकेलातून चिमट्यानं खडा काढायचा, गाळणकागदावर टिपायचा आणि चाकूनं कापायचा. पनीरसारखा कापला जातो. कापलेली बाजू लखलखते आणि पोरांनी माना पुढे काढेपर्यंत काळवंडते. मुगाएवढा तुकडा पाण्यात टाकला की बुडत नाही, कारण सोडियम पाण्याहून किंचित हलकं. पाण्याशी भिडताच इतकी उष्णता निघते की तुकडा वितळतो, ९८ अंशांना वितळणारा धातू तो. त्याची गोळी होते आणि खालून सुटणाऱ्या हायड्रोजनच्या रेट्यानं सुंसुं करत पाणीभर पळत सुटते. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब असले तर मागे गुलाबी रेघ उमटत जाते, कारण पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होत असतो. हाच तुकडा ओल्या गाळणकागदावर ठेवला तर त्याला पळता येत नाही, उष्णता एका जागी साठते आणि हायड्रोजन पेटतो. ज्योत पिवळी दिसते. तो पिवळा रंग सोडियमचा, हायड्रोजनची स्वतःची ज्योत दिसेल न दिसेल अशी असते.

मुगाचं हे असं. सुपारीएवढा तुकडा टाकला तर पळापळ वगैरे नाही, सरळ धमाका होतो.

का होतो, याचं उत्तर मी निम्मी नोकरी होईपर्यंत एका वाक्यात देत आलो: हायड्रोजन पेटतो म्हणून. सगळेच तसं शिकवत. पण त्यात एक खोच होती. हायड्रोजन आणि वाफ यांचा थर धातू आणि पाण्याच्या मध्ये आला, तर दोघांची गाठच तुटायला हवी आणि क्रिया मंदावायला हवी. मग धमाका कसा? २०१५ साली प्रागच्या पावेल युंगवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर केमिस्ट्री'त याचं उत्तर दिलं. सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब त्यांनी पाण्यात सोडला आणि अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपला. सेकंदाचा हजारावा भाग उलटायच्या आत थेंबातून चहूकडे काटे फुटले. धातूतले इलेक्ट्रॉन पाण्यात उडी मारतात, मागे उरलेले धनभारित आयन एकमेकांना ढकलतात आणि धातू स्वतःच फाटतो. फाटला की नवा पृष्ठभाग पाण्याला मिळतो, मग सारं भराभर होतं. बाहेरून ठिणगी लागत नाही. त्या सकाळी माझ्या डोक्यात जे होतं ते हे. पंगतीत हे सांगायला गेलो तर माणूस मठ्ठा घ्यायला उठतो.

आठच्या सुमारास मी पोचलो. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, रात्रभर कोणाचा डोळा लागलेला नाही, तरी सातआठ पोरं गेटपाशी हजर होती. एनएसएसची काही, काही जुने विद्यार्थी. गुडघाभर पाण्यात उभी. कोणाच्या पायात चपला, कोणाच्या त्याही नाहीत. परिचर पहाटेपासून तिथंच होता, चावी त्याच्या हातात.

"सर, उघडून टाकू? पोरं सामान वर नेतो म्हणून राहिले."

"सोडियम कुठंय?"

"असंल जी जाग्यावर. खालीच."

मी बाहेरच्या बाकावर चढलो आणि झरोक्यातून टॉर्च मारला. गढूळ पाणी. रॅकचे खालचे दोन कप्पे दिसतच नव्हते. वर प्लास्टिकचे कॅन, रबरी बुचं, परीक्षानळ्यांचा एक लाकडी स्टँड, थर्माकोलचे तुकडे असं सगळं तरंगत एका कोपऱ्यात जमलेलं. बाटली दिसेना. खाली उतरलो तर चॅनल गेटच्या पट्ट्यांमधून हेलकावत बाहेर येणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग. जांभळा, हिरवा, मध्येच फाटणारा, परत जुळणारा. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मला रॉकेलचा वास आला. परिचर म्हणाला, पेट्रोलचा आहे सर, पार्किंगमधल्या गाड्या सगळ्या पाण्यातच आहेत. तो म्हणत होता तेही शक्य होतं. पण मला रॉकेलचा आला.

प्राचार्यांना फोन केला. "तुम्ही तिथं आहात, तुम्हीच ठरवा," म्हणाले. अग्निशमन दलाचा फोन बऱ्याच वेळानं लागला. पलीकडचा माणूस पार थकलेला होता. "साहेब, इथं घराघरांतून म्हाताऱ्या लोकांना काढून राहिलो. तुमचं कोणी आत आहे का? नाही ना?" नव्हतं. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी फोन ठेवला.

तेवढ्यात एक पोरगा पँट वर दुमडत म्हणाला, "सर, मी जातो ना आत. मला माहीत आहे सोडियम, व्हिडिओ पाहिले आहेत." मी परिचराच्या हातातून चावी घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. निर्णय म्हणाल तर तेवढाच. गॉगल, हातमोजे, गमबूट सगळं स्टोअरच्या आत. कमरेइतक्या पाण्यात पाय अडखळून बाटली फुटली आणि कॉस्टिकचं पाणी डोळ्यांत उडालं तर डोळा जातो, हे मला व्हिडिओ पाहून कळलेलं नाही.

दहाच्या आधी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आल्या. काखेत रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यांचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आतल्या खोलीत होतं. एमएस्सीला असल्यापासून जमवलेलं: मेळघाटातला धावडा, रामटेकची चारोळी, नवेगावच्या तळ्याकाठची गवतं. एकेक शीट दाबून, वाळवून, शिवून, खाली निळ्या शाईनं नाव, जागा, तारीख.

"सर, खालचे खण गेलेच समजा," त्या म्हणाल्या. "वरचे वाचतील. कागदात घालून पंख्याखाली ठेवले तर वाचतात. मला दहा मिनिटं द्या."

मी नाही म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. एकदा विचारलं, "नक्की धोका आहे का?" मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही." त्यांनी गठ्ठा कठड्यावर ठेवला आणि त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.

पाणी उतरायला दुपार झाली. चारच्या सुमाराला मी आणि परिचर आत गेलो. बाटली रॅकच्या मागे, गाळात, आडवी पडलेली. झाकणाभोवती परिचरानं कधीकाळी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती जशीच्या तशी. कपड्यानं पुसली तर आत खडे रॉकेलात निवांत बसलेले, नेहमीसारखे मळकट. थेंबभर पाणी गेलेलं नाही. बाहेर आणली तर एकजण म्हणाला, "हेच का ते, सर?" आणि पोरं हसली. दिवसभर उपाशी उभी होती, हसणार नाहीत तर काय करतील?

मॅडमच्या कपाटाचं लाकूड फुगून घट्ट बसलं होतं. वरचा खण ओढला तर दांडी हातात आली. शीट्स एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झालेला. निळी शाई उतरून सगळ्या पानांना एकच रंग आलेला.

आता तुमचे हिशेब. भौतिकशास्त्राच्या मित्रानं नॅपकिनवर मांडून दाखवलेला असा: २०० ग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास १०० लिटर हायड्रोजन. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे ३४ हजार लिटर हवा. हायड्रोजन पेटायला हवेत किमान ४ टक्के लागतो, म्हणजे साडेतेराशे लिटर. "तुझे शंभर कुठं पुरतात?" गणित चोख आहे. पण वायू नॅपकिनवर पसरतो तसा खोलीत एकसारखा पसरेपर्यंत वाट पाहत नाही, छताशी आणि कोपऱ्यात जमतो. शिवाय धातूच फाटतो म्हटल्यावर टक्केवारीचा प्रश्न नंतरचा. तेवढ्या सोडियममधून निघणारी उष्णता पाच लिटर पाण्याला उकळी आणेल, ती कुठं जाते हेही नॅपकिनवर लिही म्हटलं. त्यानं चहा मागवला.

दुसरा आक्षेप रॉकेलचा. रॉकेलात आहे ना, मग पाणी लागेल कसं? सोडियम रॉकेलात बुडतं आणि पाण्यावर तरंगतं. बाटलीत पाणी शिरलं की ते तळाला बसतं, रॉकेल वर, आणि सोडियम बरोबर दोहोंच्या मध्ये. उंच नळीत हे करून दाखवतात: तुकडा पाण्याला टेकतो, बुडबुडे धरतो, त्यांच्या जोरावर वर रॉकेलात जातो, बुडबुडे सुटले की परत खाली. अगदी सावकाश चालतं, धमाका नाही. हा मुद्दा माझ्या विरोधात जातो, मला ठाऊक आहे. जुन्या खड्यांवर पुटं चढलेली असतात, त्यामुळेही क्रिया हळू सुरू होते. तोही माझ्या विरोधात. पण बंद झाकणाच्या बाटलीत सावकाश साठणारा वायू शेवटी काच फोडतो, आणि तेव्हा खडे पाण्यात मोकळे होतात. हा माझ्या बाजूनं.

काहीजण १९४७ची फिल्म दाखवतात. युद्धातून उरलेल्या सोडियमचे पिंप अमेरिकन सरकारनं वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर तळ्यात ढकलले, पाण्याचे डोंगर उसळले. "असं झालं असतं का, सर?" नसतं झालं. ते पिंप होते, माझी एक बाटली होती. हे दाखवणारे माझी बाजू घेतात, पण माझ्या उपयोगाचे नाहीत.

तिशीतला मी असतो तर पोरांच्या पुढे पाण्यात शिरलो असतो. तो मला अधूनमधून छळतो. म्हणतो, पोरांना सोडलं नाहीस ते ठीक, तू एकटा का नाही गेलास? गमबूट आत होते, मी सांगतो. तो ऐकत नाही. भीती वाटली म्हणून गेलो नाही. आणि बाटली फुटली असती तर? मग तुम्ही सगळ्यांनी मला शहाणा म्हटलं असतं, भीती तेवढीच असून.

हर्बेरियम रात्रीच गेलं होतं असं मी म्हणतो. खोलीच्या भिंतीवर गाळाची रेघ होती ती वरच्या खणाच्याही वर होती, म्हणजे पहाटे पाणी तिथवर चढून मी येईपर्यंत उतरलं होतं. पुरावा आहे हा. पण रात्री भिजलेली शीट सकाळी काढली तर वाचते, आणि चारपर्यंत बंद खणात राहिली तर लगदा होतो. हेही मला मॅडमनीच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, या प्रसंगाच्या कितीतरी आधी.

ते सोडियम आम्ही नंतर उघड्यावर, कोरड्या अल्कोहोलमध्ये थोडं थोडं टाकून संपवलं. प्रात्यक्षिकाला लागतं म्हणून नवी बाटली आली आहे, ती दुसऱ्या मजल्यावर असते. मॅडमनी संग्रह पुन्हा सुरू केलाय, धावडा मिळालाय, गवतं अजून नाहीत. एक मात्र लक्षात घ्या, मला हा प्रश्न सगळ्यांनी विचारलाय, त्यांनी नाही. त्यांनी विचारलं तर त्यांना वेगळं उत्तर द्यावं लागेल, आणि ते काय असेल हे मी तुम्हाला पंगतीत सांगणार नाही.