नाव नंतर बदलू की! (तुम्ही विचारलंत म्हणून)

सर्व्हर बसवायला बोलावलं की मी आधी त्याच्या नावाचा विषय काढतो आणि समोरचा माणूस वैतागतो. "काहीही टाका हो, नाव नंतर बदलू की!" गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हेच ऐकत आलोय. मग चहा घेताना कुणीतरी विचारतंच, तुम्ही नावावरून एवढे अडून का बसता?

नियमांचं वेड आहे म्हणून नव्हे. नियम अगदी थोडके आहेत. १९८५ च्या आरएफसी ९५२ पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) यंत्राच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने सुरुवातीला आकडा चालेल अशी सूट दिली. अंडरस्कोअर, म्हणजे खालची आडवी रेघ, तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी डॉकर कंपोझच्या (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) जुन्या आवृत्त्या कंटेनरच्या नावात आपणहून अंडरस्कोअर घालायच्या, आणि तसलं नाव पत्त्यात आलं की जँगो, म्हणजे वेबसाइट बनवायची चौकट, ती विनंती परत पाठवतो. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, दोघांच्या मध्ये सापडतो तो बसवणारा. पुढे कंपोझवाल्यांनी हायफन घेतला. असल्या गोष्टी चिडचिड करायला लावतात, पण निस्तरता येतात. मी अडून बसतो ते ठेवलेलं नाव कुठे नोंदवलंय आणि ती नोंद कोण सांभाळणार, यावरून.

डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात कोहा हे वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर चालू होतं. बसवणारा दुसराच कुणी होता. कोहा एकाच मशीनवर दोन नावांनी उघडतं, एक वाचकांसाठी, आणि त्याच नावाला 'इन्ट्रा' जोडून दुसरं कर्मचाऱ्यांसाठी. कुठलं पान द्यायचं हे अपाची, म्हणजे पानं पुरवणारा वेब सर्व्हर, आलेल्या नावावरून ठरवतो. इथली दोन्ही नावं 'डॉट लोकल'ने संपणारी होती, आणि त्या नावांचा आयपी क्रमांक (नेटवर्कवरचा पत्ता) कोणता, याची नेटवर्कसाठी नोंद होती फक्त राउटरमध्ये.

पावसाच्या सुरुवातीला वीज पडली आणि राउटर जळला. लगेच नवा आणून लावला. इंटरनेट आलं, कॅटलॉग मात्र उघडेना. कुणीतरी हुशारीने सर्व्हरचा आयपी क्रमांक टाकून पाहिला, तर अपाचीचं मूळचं स्वागताचं पान समोर आलं. पुस्तकांचा मागमूस नाही. सगळं पुसलं गेलं, असं तिथल्या तिथे ठरलं.

मी पोचलो तेव्हा ग्रंथपाल बाई दारातच उभ्या होत्या. "माझी पुस्तकं आहेत ना आत?" एवढंच त्यांनी विचारलं. मुखपृष्ठं गेलेली जुनी नाटकं, कीर्तनाच्या वह्या, वाळवी लागलेले दिवाळी अंक, कुठल्याही तयार यादीत न सापडणारं ते सगळं बाईंनी एकेक हातात घेऊन नोंदवलं होतं. मी सर्व्हरच्याच पडद्यावर नाव टाकलं आणि कॅटलॉग उघडला. सर्व्हरच्या स्वतःच्या हॉस्ट्स फायलीत (नावं आणि पत्ते यांची त्या यंत्रापुरती यादी) १२७.०.१.१ या स्वतःच्याच पत्त्यासमोर ते नाव लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याच्यापुरतं काहीच बिघडलं नव्हतं. बाईंनी शेवटची नोंद मोठ्याने वाचली, मग तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची.

कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर हॉस्ट्स फायलीत ओळी घालून दिल्या आणि काम सुरू झालं. वाचकांच्या फोनचं काय करणार? तिथे ती फाइल हाती लागत नाही. शिवाय २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने 'डॉट लोकल' मल्टिकास्ट डीएनएसला देऊन टाकलंय. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था. ते पाळणारं यंत्र असलं नाव डीएनएस सर्व्हरला विचारेलच असं नाही, नेटवर्कवरच्या सगळ्यांना हाक मारतं. म्हणजे नव्या राउटरमध्ये नोंद घातली तरी एका फोनवर उघडणार, दुसऱ्यावर नाही.

हे मी समितीच्या बैठकीत सांगितलं. उत्तर मिळालं, "फुकटचं घेतलं की असंच व्हायचं." सॉफ्टवेअरचा यात काडीचा दोष नाही, हे परोपरीने सांगून पाहिलं. पण ठराव झाला: देवघेव पुन्हा रजिस्टरवर. बाईंचं मत कुणी विचारलंही नाही. तो ठराव मला अजून सोसत नाही.

पूर्वी मी म्हणायचो की मानकं वाचायची नाहीत तर सर्व्हर बसवायचा नाही. आता तसं म्हणवत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर डोमेन नाव विचारतो आणि तिथेच सांगतो, घरगुती नेटवर्क असेल तर काहीतरी बनवा, फक्त सगळ्या संगणकांवर तेच ठेवा. वाचनालयात कोहा बसवणाऱ्या त्या बिचाऱ्याने शब्दशः तेच केलं. कुठलं बनवलेलं नाव पुढे अंगावर येणार नाही, हे तिथे लिहिलेलं नाही. पण मग इन्स्टॉलरने तरी काय लिहावं? 'होम डॉट आर्पा' २०१८ मध्ये राखीव झालं, तेही घरांसाठी. 'डॉट इंटर्नल' खासगी वापरासाठी राखून ठेवायचं आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणारी संस्था) ठरवलं ते २०२४ मध्ये. इतक्या उशिरा मिळालेलं उत्तर आधीच्या माणसाने कुठून आणायचं?

आणि 'डॉट इंटर्नल'नेही सुटत नाही. असल्या अंतर्गत नावांना सार्वजनिक प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याची ब्राउझरला पटणारी हमी) देणं नोव्हेंबर २०१५ पासून बंद आहे. आपलंच प्रमाणपत्र बनवलं तर वाचकाच्या फोनवर धोक्याचा इशारा येतो आणि तो पान बंद करतो. डोमेन विकत घ्यावं, तर दर वर्षी पैसे भरायला हवेत. समिती बदलते, खजिनदार बदलतो, मुदतीची सूचना माजी सचिवांच्या ईमेलवर जाऊन पडते. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

तरी आज कुणी विचारलं तर मी डोमेन विकतच घ्यायला सांगतो. ते संस्थेच्या नावावर घ्या, बसवणाऱ्याच्या नव्हे, माझ्याही नव्हे. आणि पुढच्या वर्षीचे पैसे कोण, कुठल्या खात्यातून भरणार, हे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मला इन्स्टॉलर सुरू करायला सांगू नका.