जायकवाडीच्या पाण्याखालचं गवत बघायला जाताय? आधी चिखलाचं वाचा

"गाडी थेट पाण्यापर्यंत जाते" असं जायकवाडीबद्दल कुणीही सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हाला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, त्यातला एक तर पैठणचाच, दर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणारा. मोबाईलच्या नकाशावरपण निळं पाणी रस्त्याला चिकटलेलंच दिसतं. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या शेवटी रस्ता जिथं संपला तिथून पाणी म्हणजे लांबवर एक चकाकणारी रेघ, आन् मधे सगळा गाळ. तिथं एका शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सायेब, पानी दिवाळीला हितं व्हतं. आता पान्याची मोटार चार वेळा फुडं सरकवली आम्ही."

असं का होतं ते समजून घ्या, तारीख ठरवताना कामी येईल. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पसरट आहे. भिंत दहा किलोमीटर लांब, २७ दरवाजे, पाणी मागं पन्नास किलोमीटरच्या वर जातं पण त्या मानानं खोली कमी. सपाट जमिनीवर पाणी थोडं उतरलं तरी काठ लई लांब जातो, आन् नकाशात दिसतं ते भरलेलं धरण. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पेपरात जायकवाडीचा टक्का बघा, तो आपल्याकडं तसाही रोज छापून येतो. तो टक्का जिवंत साठ्याचा असतो हे लक्षात ठेवा, शून्यावर आला तरी खाली २६ टीएमसी मृतसाठा असतोच, म्हणजे गवत बघायला पाणी मिळतं, फक्त चालावं किती लागणार ते त्या टक्क्यावरून कळतं.

आता आम्ही कशाला गेलो ते. सोबत एक मॅडम होत्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्री गवतावर संशोधन करतात. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नाही. मुळं, खोड, फुलं, बिया असलेली पूर्ण वनस्पती, सगळं आयुष्य खाऱ्या पाण्याखाली काढते आन् तिची कुरणंच्या कुरणं असतात. पाल्क उपसागरात समुद्रगाय हेच गवत खाऊन जगते, तिच्यासाठी २०२२ मधे तामिळनाडू सरकारनं तिथं ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलं. समुद्र कुठं आन् मराठवाडा कुठं, असं मलाही गाडीत बसेपर्यंत वाटत होतं. पण जायकवाडीतलं पाण्याखालचं गवत म्हणजे हायड्रिला आन् व्हॅलिसनेरिया, या दोन्ही हायड्रोकॅरिटेसी कुळातल्या, आन् समुद्री गवतातल्या हॅलोफिला, एनहॅलस, थॅलॅसियापण त्याच कुळातल्या. म्हणजे भाऊबंदच. मॅडमला दोन्हीकडच्या काठांची तुलना करायची होती आन् त्यांच्याकडं वनविभागाची परवानगी होती. परवानगी नसेल तर काठावरूनच बघा, १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, पाण्यात उतरून झाडं उपटायची नाहीत.

आता तो चिखल. वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या, पाय ठेवला की पापुद्रा मोडतो आन् खाली गुडघ्यापर्यंत काळी माती, ती पाय सोडत नाही. गमबूट आणा असं आम्हाला सांगणाऱ्याला बहुतेक काळ्या मातीची ओळखच नसावी, कारण बूट तिथंच राहतो आन् पाय मोकळा वर येतो. घट्ट लेसचे कॅनव्हास शूज घाला, जुने, परत आल्यावर फेकून देता येतील असे. अनवाणी अजिबात नको, गाळात शिंपल्यांचे तुकडे असतात आन् ते ब्लेडसारखे कापतात, आमच्यातल्या एकाच्या टाचेला चांगलीच चीर पडली. हातात एक बांबू ठेवा, पुढं टोचून मगच पाय टाका. शेळ्यांची वाट दिसली तर तिच्यावरून चाला, म्हशींच्या वाटेवरून नाही, म्हशी जिथून जातात तिथला सगळा राबडा झालेला असतो आन् वरून ते कळत नाही. परत येताना ऊन डोक्यावर येतं तेव्हा हाच पट्टा दुप्पट वाटतो, त्यामुळं अकराच्या आत मागं फिरा. पाणी, टोपी, दमसास हे तुमच्याकडं आहे असं मी धरून चालतोय.

आणखी एक, आन् हे कुणीच सांगत नाही. काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या केबली गाळातून आन् पाण्यातून ओढलेल्या, जोड उघडे, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. मोटार चालू असो नसो, त्याच्या आसपास पाण्यात पाय घालू नका. लांबून वळसा घ्या, अर्धा तास गेला तरी चालेल.

होडीचं सांगतो. ठरलं होतं पाचशे रुपये, पूर्ण होडीचे. उतरल्यावर म्हणे माणशी पाचशे. वाद घातला, शेवटी मधला आकडा देऊन सुटलो, कारण परत तोच चिखल तुडवायचा होता आन् भांडायला अंगात काही उरलं नव्हतं. लाइफ जॅकेट एकही नाही. बसायच्या आधी "किती माणसं, किती वेळ, एकूण किती" हे तिन्ही चारचौघांसमोर बोलून घ्या आन् जॅकेट स्वतःचं न्या. तरी माझं मत विचाराल तर होडी घेऊच नका, कारण बघण्यासारखं सगळं कंबरभर पाण्याच्या आत आहे. खोल पाण्यात गवत नाही, तिथं उजेड पोचत नाही.

उजेड हीच सगळी गोष्ट आहे. मॅडमनी सेकी डिस्क सोडली, पांढऱ्या-काळ्या फाकांची चकती दोरीला बांधलेली, ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. ही पद्धत १८६५ पासूनची आन् अजूनही तीच चालते. समुद्री गवताला वरच्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तरी तळाशी लागतो, काही जातींना त्याहून बराच जास्त. नांगरलेल्या गाळाजवळ चकती हातभर खाली जायच्या आत गायब झाली. थोडं पुढं, जिथं काठाला कुणी नांगर घातला नव्हता, तिथं तळ स्वच्छ दिसत होता आन् तळाला व्हॅलिसनेरियाच्या हिरव्या फिती एका बाजूला कललेल्या. मॅडमनी हाताला धरून खाली बघायला लावलं. मादीफूल एका बारीक, स्प्रिंगसारख्या वळलेल्या देठावर पाण्याच्या वर आलेलं. नरफुलं बुडापासून सुटून वर येतात, तरंगत तरंगत तिच्यापाशी जातात, आन् परागण झालं की तो देठ वळत वळत फळाला खाली ओढून नेतो. समुद्रात एनहॅलस हुबेहूब हेच करतो म्हणाल्या. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, हे पुस्तकातून कितीदा सांगितलंय, पण तो देठ बोटात धरल्यावर अंगावर काटा आला. चिखल, होडीवाला, सगळं त्या क्षणी वसूल.

आमच्याबरोबरच्या एका संस्थेच्या माणसाला "लागवड मोहीम" घ्यायची होती, पोरं आणायची, रोपं लावायची, फोटो. मॅडमनी तिथंच सांगितलं, आधी पाणी नीट करा. चिल्का सरोवरात २००० साली समुद्राकडं नवीन मुख उघडलं, खारेपणा परत आला आन् गवत आपलं आपण वाढलं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर बिया पेराव्या लागल्या, कारण १९३० च्या दशकात रोग आन् वादळानं तिथलं गवत पार संपलं होतं, बी यायला जवळ कुरणच उरलं नव्हतं. पाणी मात्र चांगलं होतं, म्हणून १९९९ पासून पेरलेल्या सात कोटींवर बियांतून साडेतीन हजार हेक्टरपेक्षा जास्त कुरण उभं राहिलं. जायकवाडीत उलटं आहे. हायड्रिलाचे कंद गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, बी-बेणं तिथंच पडलंय. लावायचं काही नाही, पाणी गढूळ होणं थांबवायचं. माझं स्पष्ट मत, गाळपेर जमिनीत (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात ती) पाण्याच्या अगदी कडेचा पट्टा तरी ट्रॅक्टरशिवाय सोडला पाहिजे. गाळपेर करणारी बरीच घरं धरणात जमीन गेलेली आहेत, त्यांना नुसतं हटवा म्हणणं अन्यायाचं होईल, पट्टा सोडल्याचा मोबदला द्या. आन् जायकवाडीच्या पाण्यावर तरंगते सौर पॅनल बसवायचं जे चाललंय त्यात उथळ काठावर सावली पडणार नाही एवढं तरी बघा, कारण हे गवत गेलं की वारकरी पक्षी, बदकं, माशांची पिल्लं, सगळ्यांचं खाणं आन् लपणं जातं.

दुसरा दिवस सोनेवाडीच्या बाजूला गेला, पक्षी भरपूर, रस्ता बरा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर नको, पाणी गढूळ असतं आन् नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून समन्यायी वाटपाचं, म्हणजे जायकवाडीच्या वाट्याचं, पाणी सोडलं तर काठ पुन्हा बदलतो. मार्चनंतर नको, ऊन आन् अंतर दोन्ही मारतात. डिसेंबरचा शेवट ते जानेवारी हे बरोबर. संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर, पहाटे पाचला निघा, चहा बिडकीनला घ्या, पुढं भरवशाचं काही उघडं नसतं. भिंतीवरून किंवा उद्यानातून गवत दिसत नाही, तिथं वेळ घालवू नका. पोलराइज्ड गॉगल न्या, पाण्यावरची चमक जाऊन तळ दिसतो. आन् रस्ता विचारायचा तर हॉटेलवाल्याला नाही, मोटारवाल्या शेतकऱ्याला विचारा, काठ आज कुठं आहे ते त्यालाच माहीत असतं.