आधी सापडला तो आवळलेला जबडा

‘तुका कसलो ताण गो? हयसर समुद्र आसा!’ वेंगुर्ल्यात राहून मुंबई-पुण्याच्या एजन्सींसाठी चित्रं काढायला लागल्यापासून हे इतक्या जणांनी ऐकवलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. समुद्र आहेच. पण वायफायही आहे, आणि रात्री अकराचं ‘छोटंसं करेक्शन’ इथेही रात्री अकरालाच येतं.

आमच्याकडे गणेशोत्सवाचं काम पावसाबरोबरच सुरू होतं. सराफ, बँक, रंगाची कंपनी, फरसाणवाले, सगळ्यांना ‘हटके’ गणपती हवा असतो. त्या वर्षी टॅब्लेटवर सोंडेची रेघ ओढताना मला चक्क गणपतीचा राग येऊ लागला. कोकणातल्या मुलीला गणपतीचा राग! हे कोणाला सांगणार? झोपून उठलं तरी हात जड, नवीन ब्रीफ उघडायच्या आधीच चीड, आणि पूर्ण झालेलं चित्र बघून वाटायचं, हे कोणीही काढलं असतं.

शेवटी एका रात्री टेलि-मानसच्या 14416 वर फोन केला. सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. तिथून पुढे ऑनलाइन समुपदेशक मिळाल्या. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, हे मला फार आवडलं. रिपोर्ट ठीक आले तेव्हा त्या बर्नआउटबद्दल बोलल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. म्हणजे गणपतीबाप्पा सुटले, राग कामाचा होता.

नातेवाइकांनी इगतपुरीला विपश्यनेला जायचा सल्ला दिला. पण दहा दिवसांचं मौन तेव्हा नको, असं बाईंचं म्हणणं पडलं. त्याऐवजी त्यांनी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा, आठ आठवड्यांचा क्रम धरला. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमावर तो बेतलेला होता. त्यात बॉडी स्कॅन असतो: आडवं पडायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. काही बदलायचं नाही, फक्त काय आहे ते बघायचं. मूळ क्रमात यालाच पाऊण तास लागतो. मी वीस मिनिटांवर तोडपाणी केलं.

सुरुवातीला बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत झोप लागायची. नाहीतर डास. श्वासावर लक्ष ठेवायला गेलं की उलट छाती भरून यायची, म्हणून बाईंनी श्वासाऐवजी तळपायांकडे लक्ष द्यायला सांगितलं. ते जमलं. शांत वगैरे काही वाटलं नाही. एक मात्र कळलं, माझा जबडा सतत आवळलेला असतो. मग हेच टेबलाशी बसल्यावरही दिसू लागलं. एजन्सीचा मेसेज वाजला की आधी दात एकमेकांवर बसतात, मग उजवा खांदा वर चढतो, आणि मी काही विचार करायच्या आत अंगठ्याने ‘हो, करते’ टाइप झालेलं असतं.

पुढचे आठवडे मी फक्त त्या ‘हो, करते’च्या मागे होते. मेसेज वाजला की तळपाय जमिनीला टेकवायचे, जबडा सैल सोडायचा, मग वाचायचं. उत्तर तेच द्यायचं असेल तरी चालेल, पण वाचून.

त्याच दिवसांत मामांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बसायचे. मातीत हात घातले की मन शांत होतं, असं लोक सांगतात. माझं होत नव्हतं, शाडूवर पाण्याचा हात फिरवताना मी थकलेली बिलं मोजायचे. मामाही काही शांतमूर्ती नव्हेत, सीझनला त्यांचं मनगट सुजतं आणि ते सगळ्यांवर खेकसतात. पण आमच्याकडे ज्याला मूर्ती हवी तो आपला पाट आणून देतो, आणि भिंतीला पाट भरले की मामा घेत नाहीत. ओळखीचा माणूस पाट घेऊन दारात उभा होता. मामा मान वर न करता म्हणाले, ‘जागा नाय. दुसरीकडे बघ.’ माझे दात आवळले गेले, त्यांचे नाहीत.

घरी येऊन मी दर आणि अटी नव्याने लिहिल्या. दोन फेऱ्यांपर्यंत करेक्शन दरात, पुढे वेगळे पैसे. संध्याकाळी सातनंतरचं उत्तर दुसऱ्या दिवशी. आणि गणपतीची किती कामं घेणार याचा आकडा. पाठवायच्या आधी तळपाय बराच वेळ जमिनीवर होते, तरी बटण दाबताना हात थरथरला. सगळ्यात मोठी एजन्सी गेली. दोन लहान राहिल्या, एकीने तर ‘बरं झालं सांगितलंत’ म्हटलं. ध्यानाने दर वाढत नाहीत, हे मला ध्यान शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना सांगावंसं वाटतं.

उत्पन्न त्या वर्षी उतरलं आणि अजून पूर्ण सावरलेलं नाही. स्वतःसाठी काढायची चित्रं दिवाळीनंतर सुरू झाली, तीही कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, आणि सुक्या मासळीच्या बाजाराची. गणपती त्यात अजून आलेला नाही. बॉडी स्कॅन चालू आहे, आठवड्यातून काही वेळा, आणि गुडघ्याशी झोप अजूनही लागते.