आण्णांची पेन्शन सुरू झाली एकदाची

काल दुपारी ऑफिसात जेवत होतो तेवढ्यात आण्णांचा फोन आला. नुसतं "जमा झालं रे" एवढंच म्हणाले आणि मग थोडा वेळ दोघंही काहीच बोललो नाही. चार महिन्यांची पेन्शन एकदम आली, अकरा हजार दोनशे. रक्कम सांगितली तर कुणी म्हणेल यासाठी एवढं काय, पण आमच्या घरात सप्टेंबरपासून काय चाललं होतं ते आम्हालाच माहिती.

आण्णा एसटीत मेकॅनिक होते, एकतीस वर्षं कराडला वर्कशॉपमध्ये. गिअर बॉक्स, ब्रेक, काळं ऑईल, डिझेल, आणि संध्याकाळी हात स्वच्छ करायला धुण्याची पावडर आणि बारीक वाळू. लहानपणी त्यांचे हात मला खरवडल्यासारखे लागायचे. आता वय झालं आणि बोटांची टोकं अगदी गुळगुळीत झालीत, रेषा अशी दिसतच नाही. आणि पेन्शन चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला, म्हणजे माणूस जिवंत आहे याचा पुरावा, द्यायला मशीनवर बोट ठेवावं लागतं.

मागच्या वर्षीपर्यंत पाच-सहा वेळा दाबून का होईना लागायचं. या ऑगस्टला लागलंच नाही. दहाही बोटं झाली, ओल्या फडक्यानं पुसून झाली, आई आदल्या रात्री खोबरेल तेल चोळून द्यायची, तरी मशीन लालच. डोळ्याच्या मशीनचं विचारलं तर ते तिथं नव्हतं. उद्या या, सोमवारी या, सर्व्हर डाऊन आहे, असं करत मुदत निघून गेली आणि सप्टेंबरची पेन्शन आलीच नाही. आणि आण्णांनी हे आम्हाला कुणालाच सांगितलं नाही हो. पोरांना कामं असतात म्हणून एकटेच एसटीनं जाऊन येत होते, ताईला कळलं ते थेट दसऱ्याला, आईच्या बीपीच्या गोळ्या अर्ध्याच आणल्या होत्या त्यावरून. मला तेव्हा आण्णांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण रोज रात्री फोन करून मी फक्त जेवलात का एवढंच विचारत होतो.

दिवाळीला गेलो तर आण्णा ओळखू येईनात. पहाटे उठून अंगण झाडणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. फराळाच्या ताटावर एकदाच म्हणाले, "मी जिता हाय हे आता कुणाला पटवायचं बाबा." माझ्या घशाखाली करंजी उतरली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी ताईच्या मुलीनं सांगितलं की मामा, आता चेहऱ्यावरून पण होतं. आणि खरंच होतं, 2021 च्या नोव्हेंबरपासून ही सोय आहे, आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. मोबाईलवर दोन ॲप घ्यायची, एक आधारचं चेहरा ओळखणारं फेस आरडी आणि एक हयातीच्या दाखल्याचं, जीवन प्रमाण. आधी ज्याचा मोबाईल त्याचा चेहरा द्यायचा, मग पेन्शनरचा आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, खातं, आणि मग त्यांचा चेहरा. सोप्यात भिंतीवर उन्हाची तिरीप येत होती म्हणून पहिल्यांदा झालं नाही, मग खुर्ची ओसरीत आणली, आण्णांनी टोपी काढली, चष्मा काढला, आणि भाची म्हणाली आजोबा डोळे मिटा-उघडा करा. दोन वेळा पापणी लवली आणि हिरवं झालं! दहा मिनिटं पण लागली नसतील. ज्यासाठी माणूस अडीच महिने खेटे घालत होता ते घरच्या ओसरीत झालं. आई देवापुढं साखर ठेवायला उठली आणि तिथंच रडायला लागली.

तरी पैसे खात्यात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, ते काल झालं.

ज्यांच्या घरी आण्णांसारखी पीएफची पेन्शन आहे त्यांना कळकळीनं सांगतो, त्यात दाखला दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो, सगळ्यांचा नोव्हेंबरच असं नाही, तर ती तारीख तुम्ही लिहून ठेवा, म्हाताऱ्या माणसांवर सोडू नका. शेतात राबलेली, भांडी घासलेली, विटा उचललेली किती माणसं असतील ज्यांची बोटं लागत नाहीत, त्यांच्याजवळ बसून मोबाईल धरायला कुणीतरी पाहिजे.

काल रात्री परत फोन केला तर आई म्हणाली, पासबुक भरून येताना आण्णा नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आलेत, आणि भिंतीला लावायच्या आधीच नोव्हेंबरचं पान काढून त्यात लाल पेनानं लिहिलंय, "दाखला. पोराला फोन करणे."