तुम्ही विचारलंत म्हणून: मोडक्या खुर्चीचा हिशेब

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस बसायच्या आधी खुर्चीकडे बघतो आणि विचारतो, "ही कुठं मिळाली?" चहा झाला की "किती पडली?" आणि खरा प्रश्न निघताना, चपला घालता घालता येतो: "असलं जुनं आणून नीट करत बसायचं, ते परवडतं का गं?"

परवडतं, दहांतल्या आठ वस्तू जिथल्या तिथे सोडून येता आल्या तर. दाराशी उभी राहून हे पुरतं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

गोव्यात जुनं सामान घराबाहेर पडण्याचा एक मोसम असतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घर रंगवायला काढतात, माळ्यावरचं, मागच्या खोलीतलं सगळं अंगणात येतं, आणि ज्या बाकावर आजोबा तीस वर्षं बसले तो "घेऊन जा बाबा एकदाचा" या भावात मिळतो. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातही मी फिरले आहे, पण माझं निम्मं घर श्रावणातल्या अशा अंगणांतून आलं आहे. फोंडा, माशेल, सावईवेरे, जिथं ओळखीचं घर असेल तिथं नुसतं सांगून ठेवायचं.

पंचाईत अशी की स्वस्त मिळायचा हा काळ पॉलिशला सगळ्यात वाईट. पहिल्याच वर्षी मी एक शिसवी टीपॉय आणलं आणि हौसेनं भर पावसात लाखेचं पॉलिश केलं. सकाळी आरशासारखं दिसत होतं. दुपारपर्यंत त्यावर ताकाचा हात फिरवल्यासारखं पांढुरकं झालं. लाख ज्यात विरघळवतात ते स्पिरिट झपाट्यानं उडतं, त्यानं लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या थरात अडकून बसतं. मला वाटलं तीनशे रुपये पाण्यात गेले. दिवाळीनंतर कोरड्या उन्हाच्या दिवशी स्पिरिटनं ओलसर केलेलं फडकं हलक्या हातानं फिरवलं, तर बहुतेक सगळा पांढरेपणा गेला. तेव्हापासून आमचं वेळापत्रक ठरलं आहे: श्रावणात आणायचं, पावसात सांधे आणि वेत, पॉलिश दिवाळीनंतर.

आता काय आणायचं नाही. विकणाऱ्याच्या तोंडून गोव्यातली प्रत्येक वेताची खुर्ची पोर्तुगीजकालीन असते. मी मान डोलावते आणि खुर्ची उलटी करते. खाली फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर तसले स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत आले आणि आपल्या सुतारांच्या पेटीत त्याहून पुष्कळ उशिरा, एवढं मनात ठेवायचं. (नंतर कुणी दुरुस्तीत ते घातले असतीलही, म्हणून भांडायचं नाही. किंमत पाडायला मात्र उपयोग होतो.) वय गेलं खड्ड्यात, लाकूड बघायचं. पॉलिश, रंग, तुटलेला वेत, निघालेली कडी यांना मी आता घाबरत नाही. घाबरते ती पिठाला.

त्या पिठाचा धडा मला एका पलंगानं दिला. सागवानी, कोरीव डोक्याचा, बाराशे रुपये. घरी आणून मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, दाखवला. त्यानं पायाला पटाशीचं टोक नुसतं टेकवलं, ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. "बाय, हें लाकूड न्हय गो, पीठ," तो म्हणाला आणि पैसेही न घेता गेला. सागाचा गाभा कीड सहसा सोडून देते, पण साल आणि गाभा यांच्यामधला फिकट भाग तिला आवडतो, आणि पलंग बनवणाऱ्यानं काटकसर करून तोच पायांना वापरला होता. टाचणीएवढी भोकं जुनी असतील, कीड मरून गेलेली असेल, तर चालतं. जिवंत आहे का हे बघायला वस्तूखाली आठवडाभर काळा कागद अंथरायचा. ताजं पीठ पडलं तर लाकडाच्या किडीचं औषध सिरिंजनं भोकाभोकांत भरायचं, हातमोजे घालून; आणि पायच पोकळ असेल तर नमस्कार करून निघायचं. वाळवीचं वेगळं, ती मातीच्या नळ्या मागे ठेवते, ओळखायला सोपी.

आता ती खुर्ची. माशेलला एक घर रिकामं होत होतं, तिथून आठशेला आणली. बसलं की चारी पाय चार दिशांना जायचे. कुणीतरी सांध्यात खिळा ठोकला होता. हलणाऱ्या सांध्याला खिळा म्हणजे लाकूड फाडायची सोय. तो हळूहळू काढला. जुने सांधे सरसानं चिकटवलेले असतात आणि सरस गरम पाण्याला शरण जातो, ही जुन्या सुतारांनी आपल्यावर केलेली मोठी कृपा. कापड कढत पाण्यात भिजवून सांध्याभोवती गुंडाळलं, थंड झालं की पुन्हा, असं अर्धा तास. मग रबरी हातोडीनं दोन टपल्या, आणि कुसू, म्हणजे सांध्यात बसवलेलं लाकडाचं टोक, खाचेतून अलगद बाहेर आलं, मधाच्या रंगाचा चिकट थर अंगावर घेऊन. खरवडल्यावर खाली लाकूड अगदी ताजं, कालच रंधा मारल्यासारखं.

तो थर पूर्ण खरवडायचा कंटाळा करू नका. फेविकॉल लाकडाला धरतो, जुन्या सरसाला नाही. सांधा आवळून धरायचा शिकंजा माझ्याकडे नव्हता. चारी पायांना सुती दोरीचे दोन वेढे दिले, मधे लाटणं अडकवून पीळ भरला आणि लाटणं पायाला बांधून टाकलं. सासूबाईंनी चोवीस तास चपात्या वाटीनं थापल्या आणि ते अजून ऐकवतात. पीळ भरल्यावर लगेच खुर्ची सपाट लादीवर ठेवून डुगडुगते का बघायचं. वाळल्यावर कळलं तर काही करता येत नाही.

वेत मी स्वतः विणत नाही. एकदा प्रयत्न केला, बोटं कापली, जाळी कोळ्यानंही नाकारली असती. उभे पदर, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे विणत, आणि मग दोन तिरपे; तिरप्याच्या वेळी वेत ओला नसेल तर तुटतो. हे काम दृष्टिहीन कारागिरांना शिकवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेल्या. वेत तुटला नसून फक्त खाली झोळ आला असेल तर मात्र पैसे खर्चू नका: खालच्या बाजूनं कोमट पाण्यानं चांगला भिजवा, सावलीत वाळू द्या, पुष्कळदा तो स्वतःच ताणून बसतो.

हिशेब मागता ना, घ्या. खुर्ची 800, टेंपो 300, वेत आणि विणणावळ 1,400, पॉलिश पेपर, चपडा लाख, स्पिरिट, फेविकॉल मिळून 450. झाले 2,950, आणि माझे तीन रविवार. एवढ्यात प्लास्टिकच्या चार खुर्च्या येतात; ज्यांना नुसतं बसायचं आहे त्यांनी त्या खुशाल घ्याव्यात. तशीच सागवानी नवी करून घ्यायची तर आकडा ऐकून मी मेस्ताकडे विषयच काढत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, ती मीच सांगते. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण जाणे. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क, घरात पोर असेल तर परसात, आणि तो चिखल कागदात गुंडाळून टाका, झाडांत नको.

हे आत्ता आठवायचं कारण बाल्कनीत उभं आहे: पोपटी रंगाचं जाळीचं कपाट, पाचशे रुपये. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय वर्षानुवर्षं पाण्याच्या वाट्यांत होते, त्यामुळे खालचे दोन इंच काळे आणि मऊ पडलेत. वरचं सगळं टणक. मेस्त म्हणतो पाय कापून फणसाचे नवे तुकडे सांधू, मी म्हणते कापून तसंच बुटकं ठेवू. दिवाळीपर्यंत ठरेल. तोवर सासूबाईंनी त्यात कांदे भरलेत.