उजवीकडून दुसरा

विश्वामित्री उतरली की वडोदऱ्यात आधी गाद्या बाहेर येतात, मग फ्रिज आणि कपाटं, आणि सगळ्यात शेवटी फोटो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फूट. गोकुळाष्टमीच्या आठवड्यात अकोटा, समा, कारेलीबाग या भागांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत त्यानंतर कितीतरी दिवस दुसरं कामच नव्हतं. वडिलांच्या वेळी इथे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो निघायचे, मी मुख्यतः जुने फोटो दुरुस्त करते.

भिजलेल्या फोटोंपैकी बरेच वाचू शकतात. ते जातात नंतर, घरच्या माणसांच्या हातून. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. भिजला की तो फुगून मऊ होतो आणि वाळताना ज्याला टेकलेला असेल त्याला चिकटून बसतो. लोक तो ओढून काढतात किंवा गच्चीत कडक उन्हात टाकतात. फोटोची सुरळी होते आणि थराला तडे जातात. लगेच हाताळता येत नसतील तर स्वच्छ थंड पाण्यातून काढून, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, असं मी फोनवर सांगायची. पलीकडून उत्तर यायचं, ‘ताई, लाइटच नाही.’ त्यांचंही बरोबरच होतं. राग येतो तो फ्रेमवाल्यांचा. फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची एक चौकट घातली तर मध्ये हवा राहते. एवढं साधं काम न करता फोटो थेट काचेला दाबून खिळे ठोकतात.

अकोट्याचे एक काका चादरीत गुंडाळून फ्रेम घेऊन आले, तेव्हा आत नेमकं हेच झालेलं होतं. मराठी माध्यमाच्या शाळेतला त्यांचा अकरावीचा वर्ग, १९६९ ची जुनी एसएससी. ‘डिसेंबरात आम्ही सगळे भेटणार आहोत. जे आहेत त्या प्रत्येकाला एक प्रत द्यायची आहे,’ म्हणाले. शाळेकडे प्रत असेल म्हणून चौकशी केली, तर ती कधीच रद्दीत गेली होती. शाळांनी आपल्या फोटोंशी असं वागावं हे मला आजही पटत नाही. तिथे भिंतीला रंग देताना फ्रेमा उतरतात त्या परत चढत नाहीत.

फोटो कृष्णधवल होता हे नशीब. रंगीत फोटोंचे रंग ओघळतात, इंकजेटची शाई तर बऱ्याचदा वाहूनच जाते. त्या काळचा कागद जाड आणि त्यावरची प्रतिमा चांदीच्या कणांची, चांदी पाण्यात विरघळत नाही. मी काच काढली नाही. फोटोचाच फोटो काढायचा म्हणून तो काचेसकट कॅमेऱ्याखाली कॉपी स्टँडवर ठेवला, दोन्ही दिव्यांवर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारे फिल्टर लावले, लेन्सवर तिसरा लावून काटकोनात फिरवला. काचेवरची चकाकी नाहीशी झाली. डिजिटल फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा असतो, त्यातला लाल वेगळा काढला. पुराच्या गाळाचे डाग पिवळे-तपकिरी असतात, निळ्यात ते काळेकुट्ट दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळपास विरून जातात. चिखलाखालून एकेक चेहरा वर येत गेला. या कामातली ही घटका मला सगळ्यात प्रिय आहे. सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं, त्यांच्यापुढे वर्ष लिहिलेली पाटी, खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे उभ्या मुली, त्यांच्या मागे बाकांवर चढलेली मुलं.

खाली पुठ्ठ्यावर चित्रकलेच्या सरांनी बोरूने लिहिलेली नावं मात्र वाहून गेली होती. आणि मागच्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या मुलाला चेहराच नव्हता. काकांनी माझ्याकडे येण्याआधी तो कोपरा ओढून पाहिला होता. तेवढा थर काचेला चिकटून फाटला होता. माझ्या फाइलमध्ये त्या मुलाचं नाव मी ‘उ-२’ ठेवलं.

नावं लावण्यासाठी काका वर्गातल्या तिघांना घेऊन आले, दोन काका आणि एक मावशी. मी मोठ्या स्क्रीनवर फोटो लावून दिला आणि दुपारभर ऐकत राहिले. ही मुलं पहिलीत गेली तेव्हा वडोदरा मुंबई राज्यात होतं. १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं आणि वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा बदलला, तो कोणी खिळ्यावर चढवला यावरून त्यांच्यात अजून वाद आहे. इंग्रजीचा तास चुकवून कमाटीबागेत कोण जायचं, सेव-उसळीची उधारी कोणाच्या नावावर होती, निकालाचं वर्तमानपत्र घेऊन सायकलवर दारोदार कोण फिरलं. त्यात नापास झालेल्यांचे नंबरच नसायचे. मावशी म्हणाल्या, ‘नंबर दिसला नाही की लोक छपाईची चूक असेल म्हणायचे. आमच्या ओळीतली एक मुलगी संध्याकाळपर्यंत तसंच म्हणत होती.’ मग कोणी काही बोललं नाही.

उ-२ पाशी सगळं अडलं. दोघे काका म्हणाले, तो अमुक. एसएससीनंतर लगेच नोकरीला लागला, पुढे ऐन चाळिशीत गेला. त्याची मुलगी इथेच राहते आणि तिच्याकडे वडिलांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. मावशी ठामपणे म्हणाल्या, ‘तो त्या दिवशी आलाच नव्हता. फोटोचे पैसे भरले नव्हते त्याने. हा नवापुऱ्यातला दुसरा, मुंबईला गेला तो.’ त्यावर काका, ‘पैसे भरले नाहीत तरी उभं करायचे गं, प्रत मिळायची नाही एवढंच.’ तिसरे काका काहीच बोलले नाहीत. मीही पुरावे शोधत होते. अर्ध्या बाहीचा सदरा, डाव्या हाताला घड्याळ नाही, खिशाला पेन नाही. त्यावरून काहीच ठरेना.

शेवटी पुण्यात गेलेल्या एका वर्गमित्राकडे प्रत निघाली. मुलाने मोबाइलवर काढून पाठवली ती उपयोगाची नव्हती. मी त्यांना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून कुरिअर करायला लावलं. पाकीट उघडून उ-२ वर भिंग धरलं आणि थांबले. त्या प्रतीतही चेहरा नव्हता. म्हणजे होता, पण हललेला. एक कान, केसांची कड, भांग, आणि बाकी सगळं पुसट.

असे ग्रुप फोटो वडिलांनी काढलेले आहेत, त्यामुळे कारण लगेच कळलं. तीनपायी स्टँडवर लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं कापड. पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत सगळे स्पष्ट यावेत म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक ठेवायचं, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, सेकंदभर तरी. तेवढ्यात या मुलाने मान वळवली होती. फोटोवाल्याच्या काचेच्या निगेटिव्हवर त्याचा चेहरा कधी उमटलाच नव्हता. कशाकडे पाहिलं असेल यावर पुन्हा दोन पक्ष. काका म्हणाले पतंग, उत्तरायणाच्या आसपासचे दिवस होते. मावशी म्हणाल्या, उत्तरायण होऊन गेलं होतं, फोटो त्यानंतरचा.

मी ठरवलं की पुण्याच्या प्रतीतला तो भाग जसाच्या तसा इथे बसवायचा, हललेला. काकांना ते आवडलं नाही. ती मुलगी स्वतः आली, पंचेचाळिशीची असावी. शांतपणे म्हणाली, ‘बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही अंदाजाने केलंत तरी चालेल.’ तिला नाही म्हणणं मला फार जड गेलं. मी म्हटलं, ‘डोळे, नाक, जिवणी मी कुठून आणू? माझ्याकडे एक कान आहे. तेवढ्यावर जे काढेन ते तुमच्या बाबांचं नसेल.’

मग वर्गातल्या कोणाच्या तरी नातवाने मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो टाकला आणि चेहरा आला. देखणा, हसरा, दात दिसणारा मुलगा. पुण्याच्या प्रतीत भांग उजवीकडे आहे, याचा डावीकडे. तो सगळ्यांना मोबाइलवर गेला. त्या ॲपने बाकीचेही चेहरे हळूच बदलले होते हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ही ॲप्स डाग पुसत नाहीत, चेहरा नव्याने काढतात, आणि आता काही स्टुडिओवाले हेच ‘रिस्टोरेशन’ म्हणून विकतात याची मला चीड आहे. ध्यानात आलं फक्त मावशींच्या. त्यांच्या डाव्या डोळ्यात तेव्हा तिरळेपणा होता. ॲपने नजर सरळ केली होती. त्या मुद्दाम स्टुडिओत आल्या. ‘त्या नजरेवरून मला वर्गात काय काय ऐकावं लागलं माहीत आहे? आणि ही कोण बसवलीय माझ्या जागी?’

मला झोप लागू देत नाही ते पुढचं. डिसेंबरच्या भेटीआधी काका प्रती न्यायला आले. म्हणाले, ‘बेटा, आता शंकाच नाही. हाच तो. अगदी असाच हसायचा.’ इतके दिवस गप्प असलेल्या तिसऱ्या काकांनाही तो चेहरा आठवू लागला होता. पाच दशकांत जे एकमत झालं नव्हतं ते एका चित्राने आठवड्यात केलं, आणि ते चित्र कोणाचंच नव्हतं. मी वाद घातला नाही. पुण्याची प्रत शेजारी ठेवून भांग दाखवला. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘भांग काय, बदलतात माणसं.’

मुलीने माझ्याकडून हललेल्या चेहऱ्याचा भाग वेगळा मोठा करून घेतला. ॲपमधला फोटोही तिच्या मोबाइलमध्ये होता, तो तिने मला दाखवला. ‘यातले बाबा कुठले?’ असं तिने विचारलं. मी म्हटलं, ‘फोटोत जो उभा होता तो हा, हललेला. तो तुमचे बाबा होता का, ते मला सांगता येत नाही.’ तिने मान हलवली आणि पैसे देऊन गेली.

प्रती मी दिल्या त्या हललेल्या चेहऱ्याच्याच. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने रांगवार नावं लिहिली आहेत. उ-२ पुढे दोन्ही नावं आहेत, कोणी कोणतं सांगितलं त्यासह, आणि तो भाग पुण्याच्या प्रतीतून घेतल्याची नोंद. काकांनी मावशींनी सांगितलेलं नाव खोडायला सांगितलं होतं. मी खोडलं नाही.