पत्त्यांचा सर्व्हर: दोन टेबलांवर एकच डाव

माझ्या ऑनलाइन पत्त्यांच्या सर्व्हरबद्दल मागच्या नोंदीत ‘वाटप झालं, आता बॉट’ (पानं वाटणारा कोड झाला, आता संगणकी खेळाडू) असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. शनिवारी दोन टेबलं एकदम सुरू केली, तर दोन्हीकडे इस्पिक सत्ती, मग बदाम गुलाम, मग किलवर राणी... बावन्नच्या बावन्न पानं त्याच क्रमाने.

दोन संध्याकाळी कॅशवर (डेटाच्या तात्पुरत्या साठ्यावर) संशय घेण्यात गेल्या. शेवटी प्रत्येक वर्करमधून (टेबलं चालवणाऱ्या प्रोसेसमधून) रँडम आकडे देणाऱ्या जनरेटरची स्टेट, म्हणजे आतली स्थिती, छापली, तर जुळी भावंडं! पायथनच्या रँडम मॉड्यूलचा वेगळा ऑब्जेक्ट मी वर्कर फोर्क व्हायच्या (मूळ प्रोसेसची प्रत निघायच्या) आधीच बनवला होता. फोर्क झाला की मेमरीची नक्कल होते, त्यात स्टेटही आली. पायथन ३.७ पासून मॉड्यूलचा स्वतःचा जनरेटर फोर्कनंतर आपोआप नवा सीड (सुरुवातीचा आकडा) घेतो, पण आपण हाताने बनवलेल्या ऑब्जेक्टला ती सवलत नाही. नसता शहाणपणा नडला.

फोर्कनंतर सीड करणारी एक ओळ घातली आणि झोपायला गेलो. झोप कसली! खोलीचे कोडही त्याच ऑब्जेक्टकडून येतात हे आठवलं, गेटरँडबिट्सला (हवे तितके रँडम बिट देणाऱ्या फंक्शनला) थेट ३२ देऊन. रँडम ज्यावर चालतो त्या मर्सेन ट्विस्टर पद्धतीची स्टेट म्हणजे ३२ बिटांचे ६२४ आकडे, आणि मी तर ते न कापता, न मिसळता वाटत सुटलो होतो.

मग स्वतःच्याच सर्व्हरवर दरोडा घातला. ६२४ खोल्या उघडल्या, कोड उतरवले, टेम्परिंग (आकडा बाहेर देण्याआधी होणारी, उलटवता येणारी बिटांची फिरवाफिरव) उलटं फिरवलं. पहिल्यांदा फसलं, कारण सात बिटांची डावी शिफ्ट एका झटक्यात उलटवायला गेलो; ती टप्प्याटप्प्यानेच सुटते. दुसऱ्यांदा ६२५वा कोड सर्व्हरच्या आधी माझ्या स्क्रिप्टने छापला. खुर्चीतून उठून एक फेरी मारली. पानंही तोच ऑब्जेक्ट पिसत होता, म्हणजे पुढचा डावही उघडा! २ चा १९९३७वा घात वजा १ एवढा पिरियड (आकड्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतची लांबी) पाहून मी भाळलो होतो. पुढचा आकडा ओळखता येतो का, याच्याशी त्या पिरियडचा काही संबंध नाही.

आता कोडसाठी सीक्रेट्स मॉड्यूल आणि पिसायला सिस्टमरँडम; दोन्ही अंदाज न येणारे आकडे थेट ऑपरेटिंग सिस्टमकडून घेतात. वेगाची तक्रार करणाऱ्यांनी एका डावात किती वेळा पिसतो ते मोजावं: एकदा.

पण रीप्ले टेस्ट (तोच डाव पुन्हा चालवून बघणाऱ्या चाचण्या) सगळ्या लाल, म्हणजे नापास. सिस्टमरँडमला सीड दिला तर तो गुपचूप दुर्लक्ष करतो, साधी वॉर्निंगही नाही. माझ्या मते तिथे एरर यायला हवा होता. उपाय म्हणून दर डावाला ३२ बाइटांचा गुप्त सीड घेऊन त्यातून चाचा२० (सीडपासून अंदाज न येणारे आकडे काढणारं सायफर) चालवायचा बेत होता, अर्धा कोड लिहूनही झालाय. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? रीप्लेला सीड नको, पानांचा क्रम हवा. बावन्न आकडे साठवले की झालं. चाचा२० ची फाइल उडवली.

बॉटच्या मॉन्टे कार्लोला (रँडम डाव खेळून बघून चाल निवडायच्या पद्धतीला) मात्र साधा रँडमच, ठरलेल्या सीडसह. तिथे लाखो खोटे डाव पिसायचे असतात आणि सापडलेली चूक पुन्हा तशीच घडायला हवी असते.

क्रम साठवतोच आहे, तर वाटपाआधी त्याचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ क्रम उलटा काढता येत नाही असा ठसा) खेळाडूंना दाखवावा आणि डाव संपल्यावर क्रम उघड करावा. म्हणजे मी मध्येच पानं फिरवली नाहीत हे कुणालाही तपासता येईल. थांबा, यातही भोक आहे: शेवटी पाचच पानं झाकलेली उरली तर १२० क्रमच शक्य, सगळे हॅश करून बघायला क्षणही लागणार नाही. तेव्हा क्रमासोबत ३२ बाइटांचा सॉल्ट (हॅशआधी जोडायचा गुप्त रँडम तुकडा), तोही सीक्रेट्सकडूनच. आधी हे; बॉट पुन्हा लांबला.